कॅम्पसबाहेरचं पहिलं घर: अमेरिकेत शिकायला येणाऱ्यांसाठी, लीजपासून डिपॉझिटपर्यंत

माझ्या पहिल्या लीजवर आम्हा चौघींच्या सह्या होत्या. दोन बेडरूमचं घर, ऑगस्टपासून बारा महिने. डिसेंबरच्या सुट्टीत एकीने विद्यापीठ बदललं आणि ती दुसऱ्या राज्यात निघून गेली. आता तिच्या वाट्याच्या भाड्याचं काय, हे विचारायला आम्ही तिघी लीजिंग ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी आमची लीज उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, कोण किती भरतं ते तुमचं तुम्ही बघा, आम्हाला दर एक तारखेला पूर्ण रक्कम हवी. सही करताना ती ओळ आमच्यापैकी एकीनेही वाचली नव्हती. पुढचे सात महिने तिघींनी चौघींचं भाडं भरलं.

आता मी तिसऱ्या घरात राहते. दर वर्षी नवीन मुलंमुली घर शोधताना फोटो, भाडं आणि कॅम्पसपासूनचं अंतर विचारतात. लीजची प्रत कोणी मागत नाही. माझं सांगणं एवढंच असतं की आधी लीज मागा, मग घर पसंत करा. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे ज्या क्रमाने हे प्रश्न तुमच्यासमोर येतील. भाडेकराराचे कायदे इथे राज्याराज्यांत वेगळे आहेत, त्यामुळे जिथे राज्याचं नाव दिलंय तिथे ते त्याच राज्यापुरतं समजा.

१. तुम्ही नक्की काय भाड्याने घेताय ते ओळखा

जाहिरातीत सगळ्यालाच 'स्टुडंट अपार्टमेंट' म्हणतात, पण करार दोन प्रकारचे असतात आणि फरक मोठा आहे.

पहिला प्रकार खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या मोठ्या संकुलांचा. इथे लीज दर बेडमागे असते. तुमची खोली तुमची, हॉल आणि स्वयंपाकघर सामायिक. पलंग, टेबल, सोफा बहुतेक वेळा असतं. रूममेट ऑफिसच जुळवून देतं. भाडं माणशी थोडं जास्त पडतं, पण शेजारच्या खोलीतली व्यक्ती मध्येच निघून गेली तर तिचं भाडं तुमच्या गळ्यात येत नाही.

दुसरा प्रकार जॉइंट लीजचा. अख्खं घर एका करारावर, त्यावर सगळ्यांच्या सह्या. यात 'जॉइंट अँड सेव्हरल' हे शब्द असतात. त्यांचा अर्थ असा की पूर्ण भाड्याला आणि पूर्ण नुकसानीला प्रत्येक जण एकटाही जबाबदार असतो. माझी सात महिन्यांची गोष्ट याच तीन शब्दांची. जॉइंट लीज वाईट नाही, बऱ्याचदा तीच स्वस्त पडते. मात्र ज्यांच्याबरोबर सही करताय त्यांचं पुढच्या वर्षभराचं काय ठरलंय, हे आधी विचारा. कोणाची इंटर्नशिप लांब आहे का, कोणी डिसेंबरमध्येच पदवी संपवणार आहे का, कोणी विद्यापीठ बदलायच्या विचारात आहे का.

याशिवाय भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर 'स्पॉट' असतात: रूम स्पॉट म्हणजे बेडरूममधली अर्धी जागा, हॉल स्पॉट म्हणजे हॉलमध्ये गादी टाकायची जागा. पैसे वाचतात हे खरं. पण स्पॉट घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की लीजवर माझं नाव येणार का? नाव नसेल तर ऑफिसच्या लेखी तुम्ही तिथे राहतच नाही. किल्ली हरवली तर नवी मिळत नाही, पार्किंगचा परवाना मिळत नाही, आणि मालकाच्या लक्षात आलं तर लीजवर ज्यांची नावं आहेत त्यांना नोटीस येते. एका बेडरूममागे दोन माणसं हा बहुतेक ठिकाणी धरला जाणारा हिशेब आहे, काही शहरांत नियम आणखी कडक आहेत. बॉस्टनमध्ये एका घरात पाच किंवा अधिक पूर्णवेळ पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी राहायला २००८ पासून मनाई आहे. दोन बेडरूममध्ये सात जण कोंबलेले दिसले तर भाडं कितीही कमी असू दे, मी नको म्हणेन.

२. शोध कधी सुरू करायचा

मोठ्या विद्यापीठांच्या गावांत पुढच्या ऑगस्टची घरं आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच जायला लागतात. तुमचं ॲडमिशन मार्च-एप्रिलमध्ये पक्कं होतं, तोपर्यंत चांगली घरं उठलेली असतात. याचं वाईट वाटून घेऊ नका, पण घाईने परदेशातूनच वर्षभराची लीज करून टाकायचा मोहही टाळा. विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थी संघटनेकडे चौकशी करा. बरेचदा सीनियर पहिले आठ-दहा दिवस तात्पुरतं राहायला देतात. तेवढ्यात घर डोळ्यांनी बघून होतं.

लीज कोणत्या तारखेला सुरू होते हे नीट बघा. बॉस्टनमध्ये विद्यार्थ्यांच्या असंख्य लीज ३१ ऑगस्टला संपतात आणि १ सप्टेंबरला सुरू होतात. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला हाच प्रकार ऑगस्टच्या मध्यावर, १४ आणि १५ तारखेला होतो. मधल्या एका रात्री तुमच्या हातात कोणतंच घर नसतं, फक्त सामान असतं. त्या रात्रीची सोय महिनाभर आधी करून ठेवा. बॉस्टनमध्ये सामानासाठी ट्रक भाड्याने घेतलात तर स्टॉरो ड्राइव्हवरून नेऊ नका. तिथले पूल ठेंगणे आहेत आणि दर वर्षी कोणाच्या तरी ट्रकचं छप्पर तिथे सोलून निघतं.

३. हे कागद एका फोल्डरमध्ये ठेवा

निघण्यापूर्वीच स्कॅन करून फोनमध्ये आणि ईमेलमध्ये, दोन्हीकडे ठेवा:

- पासपोर्ट आणि व्हिसाचं पान
- आय-२० (विद्यापीठ देतं तो व्हिसासाठीचा फॉर्म)
- ॲडमिशनचं पत्र
- बँक स्टेटमेंट, शैक्षणिक कर्ज मंजूर झाल्याचं पत्र, असिस्टंटशिप (विद्यापीठातलं पगारी काम) असेल तर तिचं पत्र
- अमेरिकेत उतरल्यावर आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची, प्रिंट
- तातडीच्या प्रसंगी कळवायचं अशा दोन व्यक्तींचे नंबर, शक्यतो एक अमेरिकेतला

अर्जात सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना असतो. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) असलेल्या विद्यार्थ्याला तो नोकरी, अगदी कॅम्पसवरची का होईना, मिळाल्यावरच काढता येतो. त्यामुळे तो नसणं यात काहीच वावगं नाही. ऑफिसला ईमेल करून विचारा की आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांकडून त्याऐवजी काय घेता. विद्यापीठाच्या आसपासच्या ऑफिसांना याची सवय असते.

खरी अडचण क्रेडिट हिस्टरीची, म्हणजे इथे आधी घेतलेली उधारी वेळेवर फेडल्याच्या नोंदीची, असते. भाड्याच्या तिप्पट मासिक उत्पन्न दाखवा असं बहुतेक ठिकाणी मागतात. न्यूयॉर्क शहरात तर मासिक भाड्याच्या चाळीसपट वार्षिक उत्पन्न मागायची पद्धत आहे. विद्यार्थ्याकडे ते कुठून येणार? मग अमेरिकेत राहणारा कोणी कोसायनर म्हणून, म्हणजे तुम्ही भाडं बुडवलंत तर भरायची हमी देणारा म्हणून, उभा राहतो, नाहीतर पैसे घेऊन हमी देणाऱ्या कंपन्या आहेत, नाहीतर जास्त डिपॉझिट किंवा आगाऊ भाडं मागतात. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्या राज्याचा नियम बघा. मॅसॅच्युसेट्समध्ये मालकाला सुरुवातीला फक्त चारच गोष्टींचे पैसे मागता येतात: पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं, एक महिन्याइतकं डिपॉझिट आणि नव्या कुलपाचा खर्च. न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून अर्जाच्या फीला २० डॉलरची आणि डिपॉझिटला एक महिन्याच्या भाड्याची मर्यादा आहे. कॅलिफोर्नियातही १ जुलै २०२४ पासून डिपॉझिट एक महिन्याच्या भाड्याइतकंच घेता येतं, अगदी छोट्या मालकांना थोडी सूट आहे. टेक्ससच्या कायद्यात अशी मर्यादा नाही.

कोसायनर म्हणून मामा किंवा आत्येभावाला विचारणार असाल तर त्यांना लीजची प्रत आधी पाठवा. जॉइंट लीजवर हमी दिली की काही करारांत ती अख्ख्या घराची हमी होते, फक्त तुमच्या हिश्शाची नाही. हमी तुमच्या हिश्शापुरतीच असल्याचं लिहून मिळतं का, ते विचारा.

४. फसवणूक कशी ओळखायची

नवीन विद्यार्थी हे ठगांचं आवडतं गिऱ्हाईक आहे, कारण आपण हजारो मैलांवर असतो आणि घाईत असतो. गोष्ट बहुतेक वेळा सारखीच असते: मालक सध्या परदेशी आहे, घर दाखवता येत नाही, पण भाडं आसपासच्या घरांपेक्षा बरंच कमी आहे, दुसरंही कोणी विचारतंय, तुम्ही आज डिपॉझिट पाठवा आणि किल्ली कुरियरने येईल. पैसे वायर ट्रान्सफर, झेल (बँक खात्यातून लगेच पैसे पाठवायची सोय), गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टोने मागितले की तिथेच थांबा. हे पैसे गेले की परत येत नाहीत.

पडताळणीसाठी तीन गोष्टी करा. जाहिरातीतले फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाका, तेच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडले तर विषय संपला. मग काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मालमत्ता नोंदी बघा. बहुतेक काउंट्यांमध्ये त्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुल्या असतात. पत्ता टाकला की मालकाचं नाव दिसतं, ते लीजवरच्या नावाशी जुळतं का ते ताडून पाहा. आणि व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा, आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही. कॉलवर 'आता किचनचा नळ सोडा, आता खिडकीतून रस्ता दाखवा' असं सांगा. घर खरंच त्या माणसाच्या ताब्यात असेल तर तो दोन मिनिटांत हे करेल.

५. घर बघायला गेल्यावर

ऑफिस तुम्हाला सजवलेलं मॉडेल युनिट दाखवतं. 'माझ्या नावावर येणार ते युनिट दाखवा' असं स्पष्ट म्हणा. आत कोणी राहत असेल तर किमान तोच मजला आणि तीच बाजू दाखवायला सांगा.

मग हे करून बघा. शॉवर आणि किचनचा गरम नळ एकदम सोडा, त्यातच फ्लश करा, पाण्याचा जोर किती उतरतो ते कळेल. प्रत्येक खिडकी उघडून बंद करा. हीटर कशावर चालतो ते विचारा: थंड प्रदेशात भिंतीलगतचे विजेवरचे बेसबोर्ड हीटर असतील तर जानेवारीचं बिल गॅसच्या घरापेक्षा बरंच जास्त येतं. घर १९७८ पूर्वीचं असेल तर शिसेयुक्त रंगाविषयीची माहिती आणि पत्रक लीजपूर्वी तुम्हाला देणं मालकावर बंधनकारक आहे. सिंकखालचं कपाट उघडून बघा. झुरळं आणि गळती दोन्ही तिथेच सापडतात.

दिवसा घर बघितलंत तरी रात्री नऊ वाजताचा बसचा मार्ग फोनवर तपासा. लॅब संपवून परतताना बस तासाला एक असेल किंवा रविवारी नसेलच, तर कॅम्पसपासून दोन मैल ही बर्फात फार लांबची वाट आहे. आत्ता तिथे राहणाऱ्या मुलांना जिन्यात गाठून एकच विचारा: दुरुस्तीची तक्रार केली की माणूस किती दिवसांनी येतो? ते जे सांगतील ते इंटरनेटवरच्या रेटिंगच्या ताऱ्यांपेक्षा जास्त खरं असतं.

नाव, धर्म किंवा देश बघून तुम्हाला घर नाकारता येत नाही. १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट त्यासाठीच आहे. असं झाल्याची शंका आली तर झालेलं बोलणं तारखेसह लिहून ठेवा आणि विद्यापीठाच्या कायदेशीर मदत केंद्रात जा.

६. लीज वाचताना कुठे थांबायचं

लीज तीस-चाळीस पानांची असू शकते. मागची पुरवणी पानंही तुमच्या सहीत येतात. एक संध्याकाळ राखून ठेवा, पेन घेऊन बसा. मी आता या ओळी शोधते:

एकूण पैसे. जाहिरातीतलं भाडं आणि महिन्याला प्रत्यक्ष जाणारी रक्कम यात फरक असतो. कचरा, कीडनियंत्रण, पार्सल, पार्किंग, इंटरनेट अशा फिया वर लागतात. पाणी आणि वीज मीटरप्रमाणे आहे की संपूर्ण इमारतीचं बिल माणसांच्या संख्येने वाटतात, ते विचारा. 'एक महिना मोफत' असेल तर करारात भाडं कोणतं लिहिलंय ते बघा. बऱ्याचदा मोफत महिना वजा करून सरासरी सांगतात, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण मात्र मूळ आकड्यावरून होतं.

नोटीस. अनेक लीजमध्ये साठ दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढे चालू राहतो. ही तारीख सही केली त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

मध्येच सोडायची वेळ आली तर. काही ठिकाणी दोन महिन्यांचं भाडं भरून सुटका होते, काही ठिकाणी उरलेलं सगळं मागतात, काही ठिकाणी 'रीलेट फी' भरून दुसरा माणूस आणावा लागतो.

सबलीज, म्हणजे आपली जागा काही काळ दुसऱ्याला भाड्याने देणं. उन्हाळ्यात इंटर्नशिपला जाणार असाल तर ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. परवानगी लेखी लागते का, त्याची फी किती, ते बघा. सबलीज दिली तरी मालकासमोर तुम्हीच जबाबदार राहता. उन्हाळ्यात आलेल्याने भाडं बुडवलं तर पत्र तुमच्या नावाने येतं.

उशिराची फी कधीपासून, पाहुणे सलग किती रात्री राहू शकतात (आईबाबा महिनाभर येणार असतील तर हे आधीच विचारा), दुरुस्तीसाठी मालक किती तासांची सूचना देऊन आत येऊ शकतो, या ओळीही वाचून ठेवा.

आणि तोंडी कबूल केलेली एकही गोष्ट तोंडी राहू देऊ नका. 'कार्पेट बदलून देऊ', 'मायक्रोवेव्ह नवा बसवू' असं एजंट म्हणाला की त्याच संध्याकाळी ईमेल करा: आज आपलं असं बोलणं झालं, ते लीजमध्ये लिहून द्याल का? नाही म्हणाले तर काय समजायचं ते तुम्हाला कळेल.

अनेक विद्यापीठांत लीज फुकट तपासून देणारं कार्यालय असतं आणि तिथे जाणारे थोडेच असतात. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवर ऑफ-कॅम्पस कम्युनिटी लिव्हिंग हे काम करतं. तुमच्याकडे 'स्टुडंट लीगल सर्व्हिसेस' या नावाने शोधा. सहीपूर्वी जा. सहीनंतर त्यांच्याही हातात फारसं काही राहत नाही.

७. किल्ली हातात आली त्या दिवशी

सामान आत आणण्यापूर्वी घर रिकामं असताना व्हिडिओ काढा. दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोलीची प्रत्येक भिंत, छत, जमीन, फ्रिज आतून, ओव्हन आतून, बाथरूमच्या फरशांमधल्या भेगा. मग ऑफिसने दिलेला तपासणीचा फॉर्म भरा. तो परत द्यायला दोन-तीन दिवस ते आठवडा मिळतो. फॉर्म दिला नसेल तर मागा, तरीही नाही मिळाला तर फोटोंसह ईमेल पाठवा.

आमच्या पहिल्या घरात हॉलच्या कोपऱ्यात कार्पेटवर इस्त्रीच्या आकाराचा करपलेला डाग होता. टोकदार पुढचा भाग, मागे सरळ कड, अगदी इस्त्री ठेवून कोणी उठून गेल्यासारखा. आम्ही तो बघितला, कोणीतरी 'अरेरे' म्हणालं, आणि त्याच्यावर गादी टाकली. फॉर्मवर आम्ही लिहिलं होतं 'सगळं ठीक'. वर्षाने त्या डागासाठी हॉलचं अख्खं कार्पेट बदलल्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले आणि आमच्याकडे दाखवायला एक फोटो नव्हता.

त्याच दिवशी स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्मची बटणं दाबून आवाज येतो ना ते बघा. मेन स्विचचा बोर्ड कुठे आहे आणि टॉयलेटमागचा पाण्याचा कॉक कुठे आहे तेही.

८. पहिल्या दहा दिवसांतली कामं

एफ-१ विद्यार्थ्याने पत्ता बदलल्यापासून दहा दिवसांत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. तिथून तो सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदींत, जातो. हे काम पोर्टलवर पाच मिनिटांचं आहे, पण विसरलात तर तुमच्या विद्यार्थी दर्जाला बाधा येऊ शकते. प्रत्येक नव्या घराच्या वेळी, उन्हाळ्यातल्या घराच्या वेळीही, हे पुन्हा करायचं.

विजेचं कनेक्शन लीज सुरू होते त्या तारखेपासून आपल्या नावावर घ्या. क्रेडिट हिस्टरी नसल्याने कंपनी डिपॉझिट मागू शकते. घरातली एकच व्यक्ती सगळी बिलं आपल्या नावावर घेते आणि नंतर सगळ्यांकडून पैसे मागत फिरते, तसं करू नका. वीज एकीकडे, इंटरनेट दुसरीकडे, गॅस तिसरीकडे.

रेंटर्स इन्शुरन्स घ्या. मालकाचा विमा इमारतीचा असतो, तुमच्या लॅपटॉपचा नाही. महिन्याला साधारण १५ ते ३० डॉलरमध्ये चोरी, आग आणि तुमच्या हातून दुसऱ्याच्या घराचं झालेलं नुकसान यांचं संरक्षण मिळतं. रूममेट आपोआप तुमच्या पॉलिसीत येत नाही, हे लक्षात ठेवा.

रस्त्यावर कोणी ठेवलेला सोफा किंवा गादी फुकट मिळते म्हणून उचलून आणू नका. लाकडी टेबल, खुर्ची ठीक आहे. कापडी वस्तूंच्या शिवणीत ढेकूण असतात, पूर्ण वाढलेला सफरचंदाच्या बीएवढा. एकदा घरात शिरले की सगळ्या खोल्यांवर औषधफवारणी होते आणि त्याचा खर्च कोणाचा यावर वाद होतात. जुने कपडे किंवा चादरी आणल्या तर आधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर अर्धा तास फिरवा.

९. रोजच्या राहण्यातल्या गोष्टी

इथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर '१००-२४०' लिहिलेलं असतं, ते चालतात. भारतातून आणलेला मिक्सर किंवा विजेची शेगडी नुसता प्लग बदलून चालत नाही. सामानातलं ते वजन वाचवा.

एका सर्किटवर साधारण १५ अँपिअर, म्हणजे १८०० वॅट. खोली गरम करायचा छोटा हीटर एकटाच १५०० वॅट खातो. त्याच ओळीवर कोणी मायक्रोवेव्ह लावला की अर्ध्या घरात अंधार. बोर्डावर मधेच अडकलेला ब्रेकर आधी पूर्ण बंद करायचा, मग चालू करायचा.

अनेक घरांत शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकत नाही, गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. म्हणून फोडणी दिली की अलार्म वाजतो. खिडकी उघडा, तेल थोडं कमी तापवा, अलार्मखाली टॉवेल हलवा. पण त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधू नका आणि बॅटरीही काढू नका. दंड होतो, आणि रात्री खरंच आग लागली तर तुम्हाला जागं करायला काही उरत नाही.

सिंकमधल्या गार्बेज डिस्पोजलमध्ये (खरकटं बारीक करणारं मशीन) भात, बटाट्याची सालं, चहाचा चोथा टाकू नका. तापलेलं तेल तर कधीच नाही. ते डब्यात गार करून कचऱ्यात जातं. मशीन बंद पडली तर सिंकखाली तिच्या तळाला लाल बटण असतं, ते दाबून बघा. डिशवॉशरमध्ये भांडी घासायचा साधा साबण घातला तर फेस किचनभर पसरतो. त्याचं डिटर्जंट वेगळं असतं. टॉयलेटसाठी प्लंजर पहिल्याच आठवड्यात घ्या, गरज पडते तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात.

डिसेंबरमध्ये घर बंद करून जाणार असाल तर बिल वाचवायला हीटर पूर्ण बंद करू नका. थंड प्रदेशात तो किमान ५५ फॅरेनहाइटवर, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसवर ठेवा. नाहीतर पाण्याचे पाइप गोठून फुटतात. मालकच हीटिंग देत नसेल तर दाद मागता येते. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेर ५५ फॅरेनहाइटपेक्षा कमी असेल तर दिवसा घरात किमान ६८ असायला हवं. नसेल तर ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर तक्रार करतात.

दुरुस्तीची तक्रार नेहमी पोर्टलवर किंवा ईमेलने, फोटोसह. फोनवर सांगितलंच तर नंतर दोन ओळींची ईमेल.

१०. रूममेट

चांगल्या मैत्रिणी चांगल्या रूममेट असतीलच असं नाही, आणि अनोळखी मुलगी फार छान रूममेट निघू शकते. पहिल्या रविवारी एकत्र बसून चार गोष्टी कागदावर लिहा: भाडं कोण कधी कोणाला पाठवणार, स्वयंपाक एकत्र की वेगळा, बाहेरचं माणूस रात्री राहणार असेल तर किती दिवस आधी सांगायचं, परीक्षेच्या आठवड्यात शांतता किती वाजल्यापासून. खर्च स्प्लिटवाइज या हिशेब वाटून घ्यायच्या ॲपवर टाका आणि दर महिन्याच्या अखेरीस शून्यावर आणा. दोन-दोन महिने साठलेल्या हिशेबाने जितकी घरं फुटलेली मी पाहिली तितकी घाण भांड्यांनीही नाही.

लीजवरची एखादी व्यक्ती जाणार असेल तर तिच्या जागी दुसरी आणून भागत नाही. ऑफिसकडून तिचं नाव काढून नव्या व्यक्तीचं नाव घालणारा कागद करून घ्या आणि डिपॉझिटमधला तिचा हिस्सा कोणी कोणाला दिला तेही त्यावर लिहा.

११. घर सोडताना

नोटीस लेखी द्या, तिची पोच ठेवा. शेवटच्या आठवड्यात ओव्हन, फ्रिज, बाथटब आणि खिडक्यांच्या खाचा स्वच्छ करा, वजावट तिथेच होते. ऑफिसच्या माणसाबरोबर घर फिरून बघायची वेळ मागा आणि रिकाम्या घराचा पहिल्या दिवसासारखाच व्हिडिओ काढा. किल्ल्या परत दिल्याची पावती घ्या.

पोस्टात पत्ता बदल नोंदवा, पत्रं बारा महिने नव्या पत्त्यावर येतात. यूएसपीएसच्या (अमेरिकेचं सरकारी पोस्ट) स्वतःच्या वेबसाइटवर ओळख पटवायला एखाद-सव्वा डॉलर लागतो. कोणी चाळीस डॉलर मागत असेल तर ती दुसरीच वेबसाइट आहे. आणि तुमचा पुढचा पत्ता मालकाला लेखी द्या. टेक्ससमध्ये तो दिल्याशिवाय डिपॉझिट परत करायची जबाबदारीच मालकावर येत नाही.

डिपॉझिट किंवा वजावटीचा हिशेब यायची मुदत न्यूयॉर्कमध्ये १४ दिवस, कॅलिफोर्नियात २१, टेक्सस आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ३० दिवस. नेहमीच्या वापराने होणारी झीज, म्हणजे उन्हाने उडालेला भिंतीचा रंग किंवा चालून दबलेलं कार्पेट, याचे पैसे कापता येत नाहीत. कापले तर आधी विनंतीची नव्हे, मागणीची ईमेल पाठवा: राज्याचा नियम, दिवसांची मुदत आणि पहिल्या दिवसाचे फोटो. तरीही हललं नाही तर विद्यापीठाचं लीगल ऑफिस स्मॉल क्लेम्स कोर्टाचा (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) अर्ज भरायला मदत करतं, तिथे वकील लागत नाही.

एक गोष्ट मात्र निघण्यापूर्वीच करा. जॉइंट लीजचं डिपॉझिट एकाच चेकने, सगळ्यांच्या नावाने येतं, आणि बँक त्यावर सगळ्यांच्या सह्या मागते. प्रत्येकाला वेगळा चेक द्या किंवा अमुक एकीच्या नावाने काढा, असं सगळ्यांच्या सहीचं पत्र ऑफिसला द्या. आमचा चेक कार्पेटचे पैसे वजा होऊन चार नावांनी आला. त्यातलं एक नाव डिसेंबरमध्येच निघून गेलेल्या मैत्रिणीचं होतं. तो तिच्या राज्यात पोस्टाने गेला, सही होऊन परत आला आणि ऑक्टोबर उजाडल्यावर बँकेत जमा झाला.